पालकाचा वाफा

आधी गुलाब पिवळे पडले, मग कुंपणालगतची टोमॅटोची रोपं. पानं कडेने वळायची आणि आठवड्याभरात भाजल्यासारखी तपकिरी व्हायची. सिस्टरने ती उलटसुलट करून बघितली. कीड नाही, बुरशी नाही. तीस वर्षं तिने हॉस्पिटलात नर्स म्हणून काढली होती, निवृत्त झाल्यावरही सगळे तिला सिस्टरच म्हणत. लक्षणं ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. इथे मात्र काही म्हणता काही कळेना.

"मास्तर, तुमच्या बाजूला काही फवारलंत का हो?" तिने भिंतीवरून शेजाऱ्यांना विचारलं.

"मी? माझ्याकडे एक झारी आहे, तीही गळकी. तेलकाकांना विचारा. ते असताना तुमच्या बागेत रोग शिरायची हिंमत तरी करेल का?"

तेलकाका म्हणजे तिचा नवरा. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. दुकान बंद झाल्यावर त्यांनी बागेची औजारं हातात घेतली. काम संपलं की फावड्याची माती खरवडायची, फडक्याने कोरडं करायचं, तेलाचा हात फिरवायचा आणि ज्याच्या त्याच्या खिळ्याला टांगायचं. पाहुण्यांच्या गाडीचं दार कुरकुरलं तरी हे तेलाची कुपी घेऊन धावत.

एका सकाळी फावडं चिखलातच पडलेलं दिसलं. पातं गंजून लाल झालं होतं.

"अहो, फावडं बाहेरच राहिलंय."

"मी नाही टाकलं," ते ताडकन म्हणाले. "कुणीतरी माझी औजारं वापरतंय."

घरात दोघंच माणसं. सिस्टरने फावडं स्वतःच पुसलं आणि विषय सोडून दिला. पण त्या दिवसापासून ते बागेत गेले की तिचं अर्धं लक्ष खिडकीकडे असायचं.

गुरुवारी अकराच्या सुमारास तिने वाफ्यातून नुकत्याच खुडलेल्या पालकाची भाजी गॅसवर टाकली. चमच्याने मीठ चाखलं आणि मिरच्या तोडायला बाहेर आली. तेलकाका खांद्याला फवारणीचा पंप अडकवून वांग्याच्या रोपांपाशी उभे होते.

"काय मारताय?"

"खत."

"कुठलं?"

त्यांनी पायाशी ठेवलेली बाटली दाखवली. लेबल अर्धं फाटलं होतं, पण तिने ओळखली. फरशांच्या फटीतलं गवत मारायला तिनेच आणलेलं तणनाशक होतं ते.

"हे किती दिवस घालताय?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"बरेच दिवस झाले. रोपं सुकायला लागली ना, तेव्हापासून जरा जास्तच घालतोय. अशक्त झालीत गं."

तिने वाफ्याकडे पाहिलं. पालक हिरवागार, तजेलदार उभा होता.

"आणि पालकाला?"

"काल सगळ्यात आधी त्यालाच. तुला आवडतो म्हणून."

ती धावतच आत गेली. गॅस बंद केला, चूळ भरली, पुन्हा भरली. मग हॉस्पिटलातल्या जुन्या डॉक्टरांना फोन लावला. "चमचाभरच ना? मग घाबरू नका. पण दिवसभर लक्ष ठेवा," ते म्हणाले. तिने लक्ष ठेवलं. स्वतःवर कमी, नवऱ्यावर जास्त. ते दारात उभे राहून पुन्हा पुन्हा विचारत होते, "आज जेवण नाही का?"

तिला काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी कागद पुढे सरकवून घड्याळ काढायला सांगितलं. तेलकाकांनी गोल सुरेख काढला आणि बाराही आकडे एका बाजूला दाटीवाटीने लिहिले. "झालं," म्हणाले, आणि टोपण लावून पेन खिशात टाकलं. डॉक्टरांचं पेन.

घरी आल्यावर सिस्टरने मास्तरांच्या मदतीने वाफ्यांमधलं सगळं उपटलं. बाटली घट्ट बंद करून पिशवीत बांधली आणि दुकानदाराला परत दिली. औजारांच्या खोलीची किल्ली तेवढी राहिली. ती तेलकाकांच्या कमरेला असायची. एकदा तिने न विचारता त्यांची कात्री घेतली होती, तर ते दोन दिवस बोलले नव्हते. आता किल्ली मागितली की घर डोक्यावर घेतील, या भीतीने तिने मनात चार वाक्यं जुळवून ठेवली.

"अहो, उद्यापासून औजारं मी बघत जाईन. किल्ली माझ्याकडे द्याल का?"

त्यांनी लगेच करगोट्यातून किल्ली सोडवली आणि तिच्या तळहातावर ठेवली. अदबीने हसले.

"घ्या ना," ते म्हणाले. "तुम्हीच ठेवा."

चाळीस वर्षांत ते तिला कधी 'तुम्ही' म्हणाले नव्हते. थट्टा असेल, आता हसतील, म्हणून ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ते मात्र कुणाच्या घरी पहिल्यांदाच आलेल्या माणसासारखे, कुठे बसावं याचा अंदाज घेत खोलीभर नजर फिरवत होते.