शांतता झाली की पळायचं

फकरुद्दीन मुलाणी वीस वर्षं नौदलात इलेक्ट्रिशियन होता. पेटी ऑफिसरच्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन वलवणला परत आला, तेव्हा लोक त्याला समुद्राबद्दल विचारू लागले. तो म्हणायचा, "असतो बाहेर."

हे खोटं नव्हतं. त्याचं काम जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, बिनखिडकीच्या खोलीत असे. तिथं जनरेटर होते आणि माणसाच्या उंचीचे स्विचबोर्ड होते. केबलीत खारी हवा कुठून शिरली ते शोधण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. लोकांना यात रस नव्हता. त्यांना देवमासा हवा होता. तो फकरुद्दीनने पाहिला नव्हता.

जहाज आपली वीज आपणच तयार करतं. ती गेली की सुकाणू, पंप, रडार, सगळं अडतं, आणि तक्रार करायला जवळपास कुठलं ऑफिस नसतं. वीज असेपर्यंत जहाजात सतत एक घरघर चालू असते. ती कुणाच्या लक्षात येत नाही. थांबली की मात्र इलेक्ट्रिशियन पळतो. झोपला असेल तर आधी पळतो आणि मग जागा होतो. नव्या पोरांना फकरुद्दीन स्वतः हेच शिकवायचा, की शांतता झाली की कुणी सांगायची वाट बघायची नाही.

वलवणला पावसाळ्यात लाईट सारखी जाते.

पहिल्यांदा गेली तेव्हा फकरुद्दीन दुपारचा पंख्याखाली झोपला होता. पंखा थांबला. तो जागा झाला तेव्हा लुंगी-बनियनवर, हातात टॉर्च घेऊन, पुढच्या दारातून निघून पार धरणाच्या रस्त्याला लागला होता. लख्ख दुपार होती. त्याच्या मागच्या घरातली बयाबाई म्हशी घेऊन समोरून येत होती.

"काय झालं रं, फकरू?"

"लाईट गेली, मावशी."

"ती जायाचीच," बयाबाई म्हणाली आणि पुढं गेली.

आठवडाभरात गावाला सवय झाली. फकरुद्दीन पळताना दिसला की लोक घरात जाऊन मिक्सरची बटणं बंद करू लागले.

त्याला लोणावळ्यात एका रिसॉर्टवर काम मिळालं. काम चांगलं होतं. जनरेटर नवा होता आणि लाईट गेली की आपोआप चालू व्हायचा, मध्ये फक्त काही सेकंद जायचे. त्या काही सेकंदांत एके दुपारी फकरुद्दीन हॉलमध्ये चाललेल्या साखरपुड्यातून आरपार गेला. वाटेत नवरदेवाचे मामा होते. ते केकवर बसले.

मॅनेजर भला माणूस होता. म्हणाला, "तुमच्या कामाबद्दल काही म्हणणं नाही. फक्त पळू नका."

फकरुद्दीनने प्रयत्न केला. पुढच्या वेळी लाईट गेल्यावर त्याने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. खुर्चीसकट तो दारापर्यंत गेला. संध्याकाळी त्याने आपणहून राजीनामा दिला.

घरी येऊन त्याने हे बायकोला, शमीमला, सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी संपवली. मग म्हणाली, "पण तुमी पळता कुटं?"

"स्विचबोर्डला."

"हितं कुटं हाय तसला?"

"नाही. माहीत आहे मला."

"मग?"

फकरुद्दीनने यापूर्वी घरी कामाचं कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. एकदा अरुंद वाटेतून जाताना, शेजारून तेलाचं मोठं जहाज चाललेलं असताना, यांच्या जहाजाची वीज गेली. सुकाणू वळेना. फकरुद्दीन आणि आणखी एकजण पळाले, दुसरा जनरेटर चालू केला, जहाज सरळ झालं.

"वरच्या कित्येकांना कळलंपण नाही. भात कच्चा राहिला म्हणून तेवढी तक्रार आली."

शमीमने हातातली जुडी खाली ठेवली. "हितं लाईट गेली की मी न् तुमची अम्मी अंधारात बसायचो. अम्मीला भ्या वाटायचं. मी म्हणायची, येईल आता. वीस वर्षं कुणी आमच्यासाठी पळालं न्हाई."

फकरुद्दीन उरलेली भाजी निवडू लागला. त्याने बरेचसे देठ ठेवले आणि पानं टाकली. शमीमने पानं उचलून घेतली.

त्याच महिन्यात बयाबाईचा नवरा नथूआबा दवाखान्यातून घरी आला. फुप्फुसं थकली होती. नाकाला नळी, नळी ऑक्सिजनच्या मशीनला, आणि मशीन भिंतीतल्या प्लगला. लाईट गेली तर लावायला कोपऱ्यात सिलिंडर होता. तो उघडायला पाना लागायचा आणि आबाच्या हातात तेवढा जोर नव्हता. दुपारी बयाबाई म्हशींमागं असायची.

दुसऱ्या दिवशी फकरुद्दीन जेवून झोपायला गेला, तर खाट फिरवलेली. पाय पुढच्या दाराकडे असायचे, ते आता मागच्या दाराकडे होते. मागचं दार उघडंच होतं.

"हे काय?"

"वारा येतो तिकडनं," शमीम म्हणाली. "झोपा."

तो झोपला. तीनच्या सुमारास पंखा थांबला.

फकरुद्दीन जागा झाला तेव्हा नथूआबाच्या घरात उभा होता. वीज तुटल्याचा इशारा देत मशीन किंचाळत होतं. आबा खाटेच्या कडेला बसून पाना धरायची खटपट करत होता. फकरुद्दीनने पाना घेतला, सिलिंडर उघडला, काटा पाहिला, नळी मशीनवरून काढून सिलिंडरला लावली. आबाची छाती हळूहळू शांत झाली.

"तुला कुणी सांगितलं रं?" आबाने विचारलं.

"कुणी नाही."

लाईट येईपर्यंत तो तिथंच जमिनीवर बसून राहिला.

त्याच आठवड्यात त्याने आबाच्या घरी बॅटरीचा इन्व्हर्टर बसवला. त्यामुळे लाईट गेली तरी मशीन थांबेना. फकरुद्दीन तरीही पोचायचा. आबा डोळे न उघडता म्हणायचा, "चालू हाय." फकरुद्दीन तरी काटा बघायचा.

दिवाळीच्या आधी आबाची नळी निघाली आणि मशीन परत गेलं. शमीमने झाडू मारता मारता विचारलं, "खाट फिरवू का परत?"

"आबा तर आता बरे आहेत," फकरुद्दीन म्हणाला. "लाईट गेल्यावर तिकडं जाऊन करू काय?"

"चहा प्या. मावशी चांगला करती," शमीम म्हणाली, आणि खाटेखालचा केर काढून तिने खाट होती तशीच ठेवली.