दोन पानं होईपर्यंत

"शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय, ताई. दोघांची गाठ घालून द्या आणि सुटा," संपादक चहाचा कप खाली ठेवत म्हणाला.

ताईंनी त्याचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. एकतीस प्रेमकादंबऱ्यांत त्यांनी कुणाची ताटातूट होऊ दिली नव्हती. इतकं गोड बोलणारा पुरुष भेटतो तरी कुठे, असं वाचक बायका पत्रातून विचारायच्या. ताईंचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दिवसाकाठी दहा वाक्यं बोलला तर खूप. 'आमच्या नळाला शब्द फार कमी दाबानं येतात,' असं त्या शेजारणीला सांगायच्या. तो जे बोलला नाही तेच त्या इतकी वर्षं लिहून काढत आल्या होत्या.

त्यांचा नेम होता. अंघोळ झाली की पेन्सिलीने दोन पानं, आणि ती होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. आदल्या संध्याकाळी नवरा पाच पेन्सिली ब्लेडने तासून टेबलावर ओळीने ठेवी. लिहिताना तो काही विचारायला आलाच, तर मान वर न करता ताई डावा तळहात उचलत. तो थांबे.

चार महिन्यांपूर्वीही तो असाच दारात आला होता. "अगं, ऐक ना जरा," म्हणाला. अर्धं पान उरलं होतं. ताईंचा तळहात वर गेला आणि तो गुपचूप खुर्चीत जाऊन बसला. पान संपवून त्यांनी वळून पाहिलं, तेव्हा त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात लोंबत होता. अर्धा तास आधी आणलं असतं तर, एवढं बोलून डॉक्टर थांबले. ते वाक्य ताई रोज मनात पुरं करत. नवऱ्याची वाचा गेली ती गेलीच. तेव्हापासून ताईंनी पेन्सिलीला हात लावला नव्हता.

संपादकाला यातलं एवढंच ठाऊक होतं की घरात आजारपण आहे. अडचण असेल तर दुसऱ्या कुणाकडून प्रकरण पुरं करून घेऊ, नाव तुमचंच राहील, असं त्याने चाचरत सुचवलं.

"घ्या करून," ताई म्हणाल्या. "माझ्याच्यानं आता व्हायचं नाही."

आतल्या खोलीत खाट करकरली.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून त्या बाहेर आल्या, तर टेबलावर पाच पेन्सिली होत्या. वेड्यावाकड्या तासलेल्या, एकीचं तर टोकच मोडलेलं. नवरा त्याच खुर्चीत बसला होता. मांडीवर लाकडाची सालपटं, डाव्या अंगठ्याला दातांनी आवळून बांधलेलं फडकं.

ताई त्याच्यापुढे खाली बसल्या.

"अहो, त्या दिवशी मी तुम्हाला..."

त्याने डावा तळहात उचलला. मग नजरेने टेबल दाखवलं.

ताई उठल्या, पदराने डोळे पुसून लिहायला बसल्या. कादंबरीतल्या दोघांची भेट झाली, पण या खेपेला नायक काही बोलला नाही. नायिकेने त्याच्यासाठी खुर्ची उजेडात ओढली, इतकंच.

एकेक ओळ झाली की ताई वळून मागे बघत होत्या. दोन पानं व्हायला दुपार झाली.