दिवाळीचा वायदा

श्रीरंगबुवांचं कीर्तन म्हणजे मयूर विहारातल्या मराठी घरांचा विसावा. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला साधा माणूस, पण नारदाच्या गादीवर उभा राहिला की मरणालासुद्धा पाहुण्यासारखा पाट मांडायचा. एकवीसच्या एप्रिलात, कोरोनाच्या लाटेत, दिल्लीत घरोघरी माणसं दगावू लागली, तेव्हा बुवा रोज संध्याकाळी पाचाला ऑनलाइन कीर्तनाला मोबाईलसमोर उभे राहू लागले. "जाणाऱ्याचा पदर धरू नका रे," ते सांगत, आणि अठ्ठावीस घरांत डोळे पुसले जात.

आतल्या खोलीत त्यांची बायको चंद्रप्रभा ऑक्सिजनवर होती. दवाखान्यात खाट मिळाली नव्हती. चाळीस वर्षं तिनं त्यांच्यामागे झांज धरली, मध्यंतरात त्यांच्या कपाळी बुक्का लावला. आता पडल्या पडल्या चादरीवर बोटांनी ठेका धरायची.

त्या सकाळी डॉक्टर फोनवर म्हणाले, "एक-दो दिन हैं। जिनसे बात करनी हो, करवा दीजिए।"

बुवा आत आले. "सुधारणा आहे म्हणतात. बिल्कुल."

"खरं सांगा हो." दोन शब्दांमागे तिला दम लागत होता. "विजूला, सख्ख्या बहिणीला, मी म्हणाले होते, तुझ्या हयगयीनं आई गेली. अकरा वर्षं झाली, बोललो नाही. मी जाणार असेन तर आत्ता फोन लावा. राहणार असेन तर दिवाळीत सांगलीला जाईन, तिच्या दारात उभी राहून माफी मागेन. असलं फोनवर मागायचं नसतं."

बुवांनी फोन खिशात टाकला. "मग दिवाळीला जाऊ."

"लोकांना सांगता ते मला का नाही सांगत?"

"तू काय लोक आहेस?"

ती हसली, हसता हसता खोकली. "अच्छा. दिवाळीलाच मग. तिला हिरवी साडी घेऊ." तिचा विश्वास बसला. ज्याच्या तोंडून जन्मभर हरिनाम ऐकलं, त्या तोंडावर अविश्वास कसा दाखवायचा?

पाचाला बुवा उभे राहिले. पूर्वरंग असा रंगला की आतला ठेका कधी थांबला, त्यांना कळलंच नाही. मध्यंतराला बुक्क्याची डबी घेऊन ते आत गेले. डबी तिच्या हाताशी ठेवली आणि रोजच्यासारखं कपाळ पुढे करून वाकले. हात उठला नाही. बुवा कितीतरी वेळ तसेच वाकून राहिले.

बाहेर मोबाईलमधून आवाज येत होता.

"भावोजी, मी विजयालक्ष्मी. पंधरा दिवस रोज ऐकतेय, कॅमेरा बंद ठेवून. आज तुम्ही म्हणालात ना, प्रेमाचं बोलणं उद्यावर टाकू नका? मध्यंतर आहे तोवर ताईला फोन द्या. मीच चुकले म्हणते."

बुवा मोबाईलसमोर येऊन उभे राहिले. कपाळ कोरडं.

"गेली," ते म्हणाले.

"अहो, कधी?"

"आत्ता."

"माझं नाव काढलं होतं का तिनं?"

"सकाळी. फोन लावा म्हणाली."

"मग?"

"मी तिला दिवाळीचा वायदा केला."

अठ्ठावीस चौकटींतल्या कुणीतरी हात जोडले. एकेकानं आपला माईक बंद केला. विजयालक्ष्मीचा तेवढा चालू राहिला.