अर्धी बॅटरी

"जे झालं ते माझ्याकडे बघून सांग. जमिनीला सांगितलेलं मला ऐकू येत नाही."

खिडकीची काच फुटली होती, तेव्हा बाबा असं म्हणाले होते. धाकट्यानं मान वर केली, चेंडूचं खरं काय ते सांगितलं, आणि बाबा चक्क हसले. चाळीस वर्षं झाली. आवाज कानात तसाच राहिला, बाबा तेवढे राहिले नाहीत.

समोर ताई टेबलाशी बसून उद्याचा जबाब मोठ्यानं वाचत होती. उद्या चौकशी. ड्रोन उडवायची परवानगी कार्यालयातल्या बाईंनी वेळेत दिली नाही, म्हणून बाबा जिवंत हाती लागले नाहीत, ही तक्रार तिचीच.

"'परवानगी साडेबाराला आली.' बरोबर ना रे?"

"कागद साडेबाराला आला."

शब्द खरे होते. त्यांच्याच आडोशाला तो वर्षभर दडून बसला होता.

बाबांना शेवटी शेवटी घराची वाट आठवेना. त्या दिवशी सकाळी अनवाणीच बाहेर पडले आणि विमानतळाच्या धावपट्टीपलीकडच्या लव्हाळ्यात शिरले. सगळे हाका मारत फिरले. पुरुषभर उंच लव्हाळं, त्यात माणूस दिसणार कसा? वरूनच दिसणार. धाकट्याचा तर धंदाच तो: शेतं, छपरं, पूल वरून टिपून द्यायचे. पण धावपट्टीजवळ परवानगीशिवाय उडवायचं नाही, असा कायदा. त्यानं अर्ज केला, फोन केला, फोनवर रडला.

अकरा वाजता बाईंचा उलट फोन आला. "कागद मागून येईल. धावपट्टीवाल्यांशी मी तोंडी बोललेय. तुम्ही उडवा हो. वडील आहेत तुमचे."

हे नियमात बसत नव्हतं. बाईंनी स्वतःच्या जबाबदारीवर केलं.

आणि यानं पेटी उघडली, तर चारही बॅटऱ्या अर्ध्या. काम नसलं की त्या अर्ध्यावरच ठेवायच्या, भरून ठेवल्या तर फुगतात. आणि उडवायच्या आधी पुन्हा पूर्ण भरायच्या, अर्ध्यावर उडायचं नाही. हे त्यानं किती शिकाऊंना दटावून शिकवलं होतं! हात आपसूक चार्जरकडे गेले. दीड तास तो पेटीपाशी बसून राहिला, हिरव्या दिव्यांची वाट बघत. दिवे लागले तेव्हाच कागदही आला.

ड्रोन वर गेला. सातव्या मिनिटाला पाण्याच्या कडेला बाबांचा पांढरा सदरा दिसला.

"तासभर आधी सापडते तर वाचले असते," डॉक्टर म्हणाले.

सात मिनिटं. अर्ध्या बॅटरीत दहा सहज निघतात. हा हिशेब त्याच्या मनात वर्षभर घरघरत होता, उतरायला जागा न मिळालेल्या ड्रोनसारखा.

"त्या बाई म्हणतात, अकरालाच फोन केला होता," ताई म्हणाली. "किती धडधडीत खोटं! म्हणे नोकरी जाईल, घरात कमावणारी एकटीच आहे. मग आमचा बाप गेला त्याचं काय?" तिनं डोळे पुसले, मग त्याच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. "चहा घे. तुझा तो भुंगा आभाळातून सुया शोधतो, आणि तुला समोरचा कप दिसत नाही."

कपावर साय धरली होती. तो सायीकडेच बघत राहिला.

"ताई..."

"बोल की. कपाला काय सांगतोयस? इकडे बघून बोल."

बाबांचाच सूर. बाबांचीच हनुवटी.

त्यानं मान वर केली.

"बाई खरं बोलतायत. फोन अकरालाच आला होता. 'उडवा' म्हणाल्या होत्या. मीच थांबलो, बॅटऱ्या भरत बसलो." त्याची नजर हलली नाही. "अर्धी पुरली असती, ताई."