कालेर्वोने रंगवलेली गाडी

कालेर्वो स्वतःला रॅली ड्रायव्हर म्हणवून घ्यायचा. लेपाकोस्की गावात तसं म्हणवून घ्यायला फारसं काही लागत नाही. एक जुनी टोयोटा, एक हेल्मेट आणि न थकणारं तोंड एवढं पुरतं. पहिल्या दोन गोष्टी त्याच्याकडे जेमतेम होत्या. तिसरीत मात्र आसपासच्या गावांत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

गाडी तयार करायची ती त्याची बायको सिर्का. हिवाळाभर ती शेडमध्ये राबली. काचा काढल्या, मागच्या सीटा नि डॅशबोर्ड उपसून फेकून दिले, गाडी उलटली तरी चालक वाचावा म्हणून आत पाइपांचा पिंजरा वेल्ड केला, इंजिन सगळं उघडून पुन्हा बसवलं. कालेर्वो तोवर शेगडीजवळ खोक्यावर बसून कॉफी पीत असे आणि खडीच्या वळणावर गाडी आडवी कशी घालावी यावर व्याख्यान झोडत असे. पाना मागितला तर पक्कड पुढे करी. संध्याकाळी पेट्रोल पंपावरच्या टेबलाशी मात्र तोच मान चोळत सांगे, "आज पिंजरा संपवला बाबा. कंबरडं मोडलं." हे सिर्काच्या कानावर येई. तिला वाईट वाटत नसे, किळस येई.

या हौशी शर्यतींचा एक नियम आहे. शर्यत संपली की त्या दिवशी धावलेला कुणीही दुसऱ्याची गाडी ठरलेल्या किमतीला विकत मागू शकतो. किंमत सगळ्यांना एकच, गाडी रत्न असो की भंगार. मागणारे बरेच निघाले तर चिठ्ठ्या टाकतात. मालकाला नाही म्हणता येत नाही. म्हटलं की त्याचा परवाना गेला. म्हणून शहाणी माणसं गाडी आतून तेज ठेवतात, बाहेरून उकिरड्यासारखी, आणि कुणी विचारलं तर नुसता सुस्कारा टाकतात.

कालेर्वोला सुस्कारा कधी जमला नाही. मागच्या दोन्ही मोसमांत त्याने आपल्या गाडीची अशी टिमकी वाजवली की दोन्ही गाड्या लोकांनी उचलून नेल्या. आणि दोन्ही वेळा त्याने सिर्काला वचन दिलं होतं, पुढच्या वर्षी बायकांच्या गटात ही गाडी तू चालव. गाडी उरलीच नाही तर ती चालवणार काय, कपाळ? या वर्षी तिचं मागणं एवढंच होतं, की गाडी घरी परत यावी.

म्हणून तिने दारं हातोड्याने ठोकून ठोकून चेपवली. गोठ्याचा उरलेला लाल रंग जाड ब्रशने फासला. पुढचा बंपर तारेने लटकवला. इतकी कुरूप गाडी तिने आजवर केली नव्हती, आणि तिला तिचा मोठा अभिमान वाटत होता.

मग ती आईला भेटायला गेली. परत आली तर शेडमध्ये निळीशार, चकचकीत गाडी उभी. पांढरे पट्टे, बंपर सरळ, दारावर कालेर्वोचं नाव आणि शेजारी देशाचा झेंडा.

"हे काय करून ठेवलंस?"

"रॅलीची गाडी रॅलीच्या गाडीसारखी नको दिसायला? लोक बघतात गं."

"तेच तर."

त्याला ती स्तुती वाटली. सिर्काने पुढे शब्द खर्च केला नाही. शेडमागे सुट्या भागांसाठी ठेवलेली तपकिरी गाडी तिने ओढून बाहेर काढली, चालण्यापुरती ठीक केली आणि बायकांच्या गटात आपलं नाव दिलं. वचनाची वाट बघत म्हातारं होण्यापेक्षा हे बरं. कालेर्वो हसून हसून लाल झाला. त्या डब्यातून शेवटापर्यंत पोचलीस तर सॉसेज माझ्याकडून, असंही म्हणाला.

ती पोचली, शेवटून दुसरी, घसरत्या क्लचसकट. सॉसेज काही मिळालं नाही. कालेर्वो तिसरा आला आणि भुवयांपर्यंत चिखल घेऊन थेट कॉफीच्या टपरीपुढे उभा राहिला. इंजिनात आपण काय काय घासलं, काय बदललं, सगळं पाठ केल्यासारखं सांगू लागला. भोवती हातात वेलदोड्याचे गोड पाव घेतलेली माणसं, सगळी चालकच, मन लावून ऐकत होती. सिर्काने त्याची बाही ओढली. त्याला वाटलं, तिला फोटोत यायचंय.

थोड्याच वेळात शर्यतीचे पंच उर्हो आले आणि निळ्या गाडीला इतके अर्ज आलेत की मुठीत मावत नाहीत, असं सांगून गेले. कालेर्वोचं तोंड एवढंसं झालं. तो धावतच सिर्काकडे आला.

"अगं, तूही धावलीस ना आज? मग तुलाही मागता येते. टाक नाव, वेळ आहे अजून."

"त्या डब्यातून धावलेलं चालतं वाटतं?"

"आता टोमणे नकोत, सिर्का. हात जोडतो."

तिने नाव टाकलं. उर्होंनी कॉफीचा रिकामा डबा हलवला, एक चिठ्ठी काढली, हात लांब करून वाचली. आडनावासकट तिचंच नाव होतं, सिर्का हौताला. बाकीचे हिरमुसले. कालेर्वोने तर तिला उचलायचंच बाकी ठेवलं. पैशांचं घरी बघू, या खिशातून त्या खिशात, असं तो म्हणत होता. पण सिर्काने उर्होंच्या देखत सगळी किंमत त्याच्या हातावर ठेवली, सही घेतली आणि चावीही. तो हसतच होता. पैसे खिशात कोंबून त्याने हात पुढे केला.

"चावी दे. ट्रेलरवर चढवतो."

"गाडी कुणाची आहे, उर्हो?" सिर्काने विचारलं.

उर्होंनी टोपी सारखी केली. "तुझी," ते म्हणाले.

"अगं, पण पुढची शर्यत तोंडावर आलीय," कालेर्वो म्हणाला. "मी काय चालवू?"

"तपकिरी घे." निळ्या गाडीची दारं वेल्ड केलेली होती, म्हणून ती खिडकीतून आत शिरली आणि पट्टा आवळू लागली. "क्लच गेलाय, इंजिनही उघडावं लागेल. तुला काय, हातचा मळ. कसं करतात ते आत्ताच सांगत होतास की सगळ्यांना."

सगळे अजून तिथेच उभे होते. कुणी हसलं नाही. ते कालेर्वोकडे बघत होते, आणि तो मान चोळत तपकिरी गाडीकडे निघाला.