लाल रांगेतली लेन्स

"लाल रांग घेतो," ओद्वार म्हणाला आणि मी टाचेने सीटखालची शाल आणखी आत ढकलली.

आम्ही स्वीडनहून घरी, नॉर्वेला परतत होतो. मागच्या सीटवर नवरोबांची नवी टेलिफोटो लेन्स होती, तान्ह्या बाळासारखी पट्टा लावून बसवलेली. शेतात उतरणारे क्रौंच टिपायला त्याला ती कधीपासून हवी होती. कस्टमच्या नाक्यावर सांगण्यासारखं काही असेल तर लाल रांग, नसेल तर हिरवी.

"अरे, हिरवीतून चल ना! कोण विचारतंय?"

"तोरुन, इथे कर भरला की ते कागद दाखवून स्वीडनचा कर दुकानातून परत मिळतो. आणि चोरून आणलेल्या लेन्समधून मला पक्षी बघवणार नाहीत."

घ्या! चाळीस वर्षं संसार केला, पण या माणसाने सुनसान रस्त्यावरसुद्धा कधी सिग्नल तोडला नाही. आणि इथे माझ्या सीटखाली, शालीत गुंडाळलेलं बेकन! माणशी नेता येतं तेवढं मांस डिकीत होतंच, हे वरचं. पण स्वीडनला जायचं आणि स्वस्त बेकन मोजूनमापून आणायचं, हे आमच्याकडे कुणाला जमलंय हो? माझ्या आईला नाही जमलं, तर मला काय जमणार!

नाक्यावर एक तरुण पोरगी होती. ओद्वारने ऐटीत बिल पुढे केलं. तिने कर घेतला, कागदावर शिक्का मारला.

"आणखी काही आहे का?"

ओद्वारने घसा खाकरला. झालं! आता हा 'नाही' म्हणणार, ही पोरगी गाडी तपासणार आणि जन्मात खोटं न बोललेला माणूस माझ्यापायी खोटा पडणार. बेकन गेलं खड्ड्यात!

"माझ्या सीटखाली बेकन आहे!" मी ओरडलेच. "सहा किलो जास्तीचं. याला काही माहीत नाही गं पोरी, याचा काही दोष नाही."

ओद्वार माझ्याकडे बघतच राहिला. कान लालबुंद. आता घरापर्यंत प्रवचन ऐकावं लागणार, या तयारीने मी मान खाली घातली.

"स्टेपनीच्या खाली पण आहे," तो पुटपुटला. "आठ किलो. माझं."

"तुझं?"

"तुला कसं सांगणार? तुझ्या नजरेतून उतरलो असतो ना मी."

पोरीने ओठ गच्च दाबून धरले होते. "आपणहून सांगितलंत, म्हणून दंड नाही. जकात तेवढी भरा. पण आजोबा, एवढं ठेवणार कुठे?"

चाळीस वर्षं या माणसाच्या खरेपणाला मी टरकून होते, आणि हा मेला माझ्या नजरेला! पुढच्या हाल्डेन गावाच्या फाट्यापर्यंत आम्ही कसंबसं हसू दाबलं. मग मात्र हसून हसून त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली.

"एकाच माळेचे मणी गं आपण," तो डोळे पुसत म्हणाला, आणि भर रस्त्यात माझा मुका घेतला.