नवसाबाईच्या पोटात राहिलेली गोष्ट

“पडदा?” नवसाबाईनं विचारलं. “कसला पडदा?”

डॉक्टर योगिनी मॅडमनी एक्स-रेची फिल्म भिंतीवरच्या उजेडाच्या डब्याला अडकवली. नवसाबाईची सून साधना हिच्या गर्भपिशवीत औषध सोडून काढलेला तो फोटो होता. काळ्या पाटीवर पांढरं काहीतरी, सशाच्या कानासारखं दोन बाजूंना फाकलेलं.

“हे बघा मावशी. पिशवीची पोकळी एकसंध, त्रिकोणी दिसायला हवी. हिच्या पिशवीत वरून मधोमध पडदा खाली आलेला दिसतोय. एका खोलीचे दोन बोळ झाल्यासारखं.”

“अन् हा घातला कुणी?”

“कुणी नाही. जन्मापासूनच आहे. मुलगी आईच्या पोटात असताना पिशवी दोन भागांत तयार होते. मग ते भाग जुळतात आणि मधली भिंत विरून जाते. हिची विरायची राहिली.”

“म्हंजे निफाडकरांनी काम अर्धवट ठेवलं,” नवसाबाई म्हणाली. साधनाचं माहेर निफाडचं.

“आई!” दाराशी उभा असलेला महेश म्हणाला. आईपुढे त्याचं बोलणं बहुधा एवढंच असे.

मॅडम हसल्या. ही मंडळी मखमलाबादची, गुलाब-झेंडूवाली, हे त्यांच्या लक्षात होतं. “तुमच्याच भाषेत सांगते मावशी. समजा, कुंडीत गुलाबाचं कलम लावलं—”

“कुंडीत नाय लावत आमी. वाफ्यात लावतो.”

“बरं, वाफ्यात. आणि मधेच मुरूम निघाला—”

“मुरूम असंल तर तिथं लावायचंच कशाला? मॅडम, तुमी सरळ सांगा. बाई हाय ती, वाफा नाय.”

मग मॅडमनी सरळ सांगितलं. पडद्याला रक्तपुरवठा कमी. गर्भ तिथं रुजला की त्याचं पोषण होत नाही, शिवाय जागाही अपुरी. म्हणून दिवस जातात, पण टिकत नाहीत. आता पोटातून दुर्बीण घालून पिशवी बाहेरून बघायची. बाहेरून ती एकच निघाली तर आतला पडदा खालच्या वाटेनं दुर्बिणीतूनच कापायचा. पण पिशवीच वरून दुभंगलेली असेल, तर तिला हात लावायचा नाही. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं.

साधना इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिनं एकदम मान वर केली.

“मॅडम, मी त्या दिवशी झेंडूची पाटी उचलली होती.”

“पाटीनं झालेलं नाही ते.”

“अन् पपईची फोड?”

“नाही गं. तू काही केल्यानं झालेलं नाही.”

साधना रडायला लागली. नवसाबाई मात्र एकदम गप्प झाली. ती पाटी उचलायला तिनंच सांगितलं होतं.

नवसाबाई गप्प बसणं ही काही रोजची गोष्ट नव्हती. सराफ बाजाराजवळच्या फुलबाजारात पहाटेपासून तिचं दुकान मांडलेलं असे, आणि फुलांच्या आधी बातम्या संपत. तिच्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात भर तिच्या नवऱ्याची. सावळीराम एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी करून आलेला माणूस. तिथल्या यंत्रांच्या आवाजानं त्याचे कान गेले होते. त्याला घरातली गोष्ट सांगायची तर ओरडून, म्हणजे गल्लीलाही आपोआप कळे.

साधनाला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा दुसऱ्या दिवशी बाजारभर पेढे वाटले गेले. महिन्याभरात ते सगळं संपलं, आणि नवसाबाईला दुकानादुकानात जाऊन सांगावं लागलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा पाचवा महिना लागला होता. नवसाबाईनं नामपूरच्या बहिणीला बाळाची दुपटी शिवायला सांगितली होती. दुपटी आली तेव्हा साधना दवाखान्यातून परत आलेली होती. त्यानंतर ती बाजारात यायची बंद झाली. बायका आपल्याकडे बघतात आणि गजरा जरा जास्तच लांब मोजून देतात, ते तिला सोसेना.

नवसाबाईनं हातपाय हलवले नाहीत असं नाही. तिचा स्वतःचा जन्म नवसाचा, म्हणून तर नाव नवसाबाई. त्यामुळे देवांशी आपलं घरचं बोलणं आहे असं ती समजत असे. सुनेच्या गळ्यात दोरे बांधून झाले, नारळ फोडून झाले, एका वैदूचा काळा काढा पाजून झाला. तो काढा साधनानं गुपचूप मोरीत ओतला आणि मोरी मात्र लख्ख निघाली.

शेजारच्या दुकानाची अंबूबाई एकच उपाय सांगे. “महेशला दुसरी बघ. माझी भाची हाय नामपूरला. कांद्याच्या मार्केटात भावाची आडत. पोरगी धडधाकट हाय.”

नवसाबाई त्यावर हो म्हणाली नव्हती, पण नाहीही म्हणाली नव्हती. “बघू,” म्हणाली होती. आणि ते “बघू” कुणीतरी साधनापर्यंत पोचवलं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी नवसाबाई दवाखान्याच्या बाकावर मांडी घालून बसली. मॅडम बाहेर आल्या तशी उठली.

“पिशवी बाहेरून एकच आहे,” मॅडम म्हणाल्या. “आतला पडदा कापला. छान झालं.”

“टाके किती?”

“बेंबीजवळ एक छोटा.”

“एवढ्या ऑपरेशनला एकच?” नवसाबाईचा चेहरा उतरला. बाजारात हे कोण खरं मानणार होतं? अंबूबाईच्या साध्या आतड्याच्या ऑपरेशनची वीतभर शिवण होती, आणि ती शिवण अंबूबाई लग्नकार्यात दाखवत असे.

खरा स्फोट संध्याकाळी झाला. नर्स गोळ्या समजावत होती. “या रोज घ्यायच्या. आणि तांबी बसवलीय, ती तीन महिन्यांनी काढायला यायचं.”

“काय बसवलीय?”

“तांबी.”

नवसाबाई चपला न घालताच मॅडमच्या खोलीत शिरली. आत एक पेशंट तपासायच्या टेबलावर झोपली होती, तिनं घाबरून चादर गळ्यापर्यंत ओढली.

“मॅडम, पोर व्हावं म्हणून आणली होती मी हिला! पोर होऊ नये म्हणून बसवत्यात ती तांबी बसवली तुमी? दुसऱ्या कुणाची हिला बसली काय?”

“मावशी, बसा आधी. आत दोन्ही बाजूंनी कापलंय ना? त्या ओल्या जागा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मधे ठेवलीय. बऱ्या झाल्या की काढायची.”

“एवढंच?”

“एवढंच.”

नवसाबाई बसली. मग टेबलावरच्या बाईकडे वळून म्हणाली, “तुला पण चिकटू नये म्हणूनच का गं?”

एवढ्यावर मिटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे झेंडूचे ढीग लावता लावता नवसाबाईनं सगळं अंबूबाईला सांगितलं. पडदा सांगितला, दुर्बीण सांगितली, तांबी सांगितली. अंबूबाईनं तेवढी तांबीच धरली.

“बनवलं तुला सुनेनं,” ती म्हणाली. “तिलाच नको आसंल पोर. आजकालच्या पोरी.”

दुपारपर्यंत गोष्ट पंचवटीत गेली, आणि आठवड्यात निफाडला. साधनाची आई रडत एस.टी.नं आली. तिनं लेकीला विचारलं, “खरं सांग, तुला नांदायचं नाय का?”

आई परत गेल्यावर साधना अंगणात गजऱ्यासाठी मोगरा निवडत बसली. नवसाबाई समोर बसली, पण तिला सुरुवात सापडेना. साधनाच बोलली. आवाज चढवला नाही.

“आत्याबाई, माझ्या पोटातलं सगळं माझ्याआधी बाजारात पोचतं. तिन्ही वेळा मी दवाखान्यातून आले, अन् मी रडायच्या आधी लोकच माझ्यासाठी रडून मोकळे झाले. मला माझं दुःखसुद्धा कधी आधी मिळालं नाही.”

“मी काय वाईटासाठी—”

“वाईटासाठी नाही. पण पुढच्या वेळी मी तुम्हाला सांगणार नाही.”

नवसाबाई बराच वेळ फुलं निवडत राहिली. चांगली फुलंही ती टाकून देत होती.

“नको सांगू,” ती शेवटी म्हणाली. “पण मला कळंल ना गं. एका घरात ऱ्हातो आपण.”

“कळलं तर?”

“कळलं तर मी बोलणार नाय. सातवा लागेपर्यंत नाय.”

साधना हसली. त्या महिन्यात ती पहिल्यांदाच हसली, आणि नवसाबाईला ते लागलं. सुनेचा विश्वास बसला नव्हता, हे त्या हसण्यात स्पष्ट होतं.

तांबी निघाली. मॅडमनी पुन्हा दुर्बिणीतून बघितलं आणि पिशवी आतून मोकळी झाल्याचं सांगितलं. पावसाळा गेला, दसऱ्याचा झेंडू विकून झाला. दिवाळीनंतर एका सकाळी साधनानं चहाचा कप तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. नवसाबाईनं बघितलं. साधनानंही तिला बघताना बघितलं. दोघींनी कपबशा उचलल्या आणि मोरीवर नेल्या.

त्या दिवसापासून नवसाबाईचे हाल सुरू झाले.

तिनं सुपारी धरली. तोंड उघडावंसं वाटलं की खांड आत. बाजारात कुणी “काय नवसाबाई, घरी काय?” म्हटलं की ती गालाकडे बोट दाखवी. आठवड्याभरात बातमी झाली की नवसाबाईच्या घशात काहीतरी निघालंय. हारवाल्या वाळूनं मध आणून दिला. एकीनं हळदीची गुळणी सांगितली. अंबूबाईनं तर डोळ्यांत पाणी आणून, “दाखवून घे बाई, लवकर कळलं तर बरं असतं,” असं म्हटलं.

घरी सावळीरामला सांगायची सोयच नव्हती. नवरा-बायको रात्री समोरासमोर जेवत आणि नवसाबाई भाकरीकडे बघत राही. एकदा न राहवून ती गोठ्यात गेली आणि म्हशीच्या कानाशी लागली. पण गोठ्यामागं शेजारीण शेण्या थापत होती, म्हणून तिथूनही तशीच परतली.

तिसरा महिना सरत आला तेव्हा अंबूबाईनं विषय काढला. महेश एम-एटी गाडीवरून गुलाबाच्या जुड्या उतरवत होता.

“नवसा, नामपूरहून निरोप हाय. भाचीला दुसरं स्थळ आलंय. तुमी हो म्हणत असाल तर ते थांबत्यात. काय सांगू?”

आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले. महेश जुडी हातात घेऊन तसाच उभा राहिला.

नवसाबाईनं सुपारी थुंकली. एक वाक्य. एका वाक्यात अंबूबाईचं तोंड बंद झालं असतं, सगळा बाजार टाळ्या वाजवत आला असता. ते वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर आलं. तिनं पाण्याचा तांब्या उचलला, दोन घोट घेतले आणि वाक्य पाण्याबरोबर खाली गेलं.

“सांग, त्या पोरीचं लगीन करून टाका म्हणावं. मला सून हाय.”

“सून हाय, पण नातवंड?”

“नाय झालं तर नाय.”

“नवसा, महेशला पुढं कोण?”

“साधना हाय की. अन् तो हाय तिला.” आणि मग तिनं अंबूबाईकडे नीट बघितलं. “अंबू, परत हा विषय काढलास तर तुझ्या दुकानाशेजारी मी बसणार नाय. एवढी वर्षं बसलो आपण.”

महेशनं जुडी खाली ठेवली. घरी जाऊन त्यानं बायकोला काय सांगितलं ते नवसाबाईला कधीच कळलं नाही. पण त्या संध्याकाळी साधना तिच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “आत्याबाई, आज मॅडमकडे गेले होते. ठोके ऐकवले त्यांनी.”

“कसे हायत?”

“एम-एटीसारखे. फट फट फट.”

नवसाबाई पदर तोंडात कोंबून हसली, कारण पलीकडच्या खोलीत सावळीराम होता; त्यानं हसताना बघितलं तर कारण ओरडून सांगावं लागलं असतं.

पाचवा महिना आला तेव्हा मात्र दोघींनाही हसू सुचेना. नवसाबाई पहाटे बाजारात जाण्याआधी सुनेच्या दाराशी उभी राही, आतून कूस बदलल्याचा आवाज आला की मगच निघे. पाचवा सरला. सहावा सरला. सातवा लागला त्या सकाळी ती सावळीरामसमोर जाऊन उभी राहिली आणि महिन्यांचं सगळं साठलेलं एका दमात ओरडली, “अहो! सुनेला सातवा लागला!”

गल्लीतली दोन दारं उघडली. सावळीराम पेपरातून डोकं न काढता म्हणाला, “मला ठाऊक हाय. दिवाळीपासनं.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाय. तुझं तोंड हालायचं बंद झालं. एवढी मोठी गोष्ट दुसरी काय आसंल?”

बाळ आडवं होतं, म्हणून मॅडमनी दिवस भरायच्या जरा आधी सिझेरियन केलं. मुलगी झाली. किरकोळ, लाल, आणि आवाज थेट आजीचा. या वेळी टाके भरपूर होते, पण नवसाबाईनं ते कुणाला मोजून सांगितले नाहीत.

बारशाला अख्खा फुलबाजार मखमलाबादला आला. पाळणा निशिगंधानं मढवला होता. अंबूबाईनं चांदीचे वाळे आणले होते. तिनं ते बाळाच्या पायात घातले, बोटं मोडून दृष्ट काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “पोरगी झाली म्हणून काय झालं? पहिली बेटी, धनाची पेटी!”

“पहिली नाय,” नवसाबाई म्हणाली. “चौथी.”

बायकांना वाटलं ती चुकली. “अगं, पहिलीच ना?” कुणीतरी हसून म्हणालं.

“चौथी हाय. आधीची तीन ऱ्हायली नाय.”

पाळण्याची दोरी साधनाच्या हातात होती, ती थांबली. तिनं सासूकडे बघितलं. नवसाबाई घुगऱ्यांच्या पातेल्याशी वाकून द्रोण भरत होती, आणि एकेक द्रोण बायकांच्या हातात देत होती.

साधनानं दोरी पुन्हा हळूच ओढली.